रोज सकाळी पंपात पाणी भरावं लागतं? नवा पंप आणण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. विहिरीवरचा एक एचपीचा मोनोब्लॉक पंप (मोटर आणि पंप एकाच अंगात) काल संध्याकाळी नीट चालला. आज सकाळी बटण दाबलं तर मोटर फिरते, आवाज नेहमीपेक्षा हलका, आणि टाकीत थेंब नाही. वरचा प्लग काढून पाणी ओतलं की पंप धरतो आणि दिवसभर मुकाट चालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत, आगरात कठड्याची विहीर आणि काठावर पंप असलेल्या घरांना हे दुखणं नवं नाही.

त्यावरची निदानंही ठरलेली. पंप म्हातारा झाला. मोटर कमजोर पडली. झरा आटला. टाकी गळते. विजेच्या लाइनला दाब नाही. विहिरीच्या राखणदार दैवताचं काहीतरी राहून गेलंय. राखणदाराला नारळ द्यायला कुणाची ना नाही, पण फूट व्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या टोकाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, वर काढून बघायला त्याचीही ना नसते.

मग खर्च सुरू होतात. टाकीला आतून वॉटरप्रूफिंग, मोटरचं रिवायंडिंग, शेवटी नवा पंप. आणि नव्या पंपातही तिसऱ्या दिवशी पाणी भरावं लागतं, कारण पाइप आणि खालचा व्हॉल्व्ह जुनाच राहिलेला असतो.

इथे शोधण्याचा क्रम चुकतो. एकाच गोष्टीची दोन स्पष्टीकरणं समोर असतील तर ज्याला कमी गृहीतं लागतात ते आधी तपासावं, हा नियम चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या इंग्लिश फ्रान्सिस्कन साधूच्या नावावर जगभर चालतो. (त्याच्या नावाने सगळीकडे छापलं जाणारं लॅटिन वाक्य त्याच्या लेखनात त्या शब्दांत सापडत नाही. गरजेशिवाय अनेकत्व मानू नये, अशा अर्थाचं मात्र त्याने लिहिलं आहे.) आपल्याकडच्या नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचा, लाघवाचा आग्रह याच जातीचा. दोन उपपत्ती सारखंच काम करत असतील तर हलकी घ्यायची, आणि फुकटची गृहीतं लादणं हा कल्पनागौरवाचा दोष मानायचा.

पंपापाशी हा नियम वापरताना मेख एकच आहे. निवडलेलं कारण सगळ्या लक्षणांना पुरलं पाहिजे. एका लक्षणाला पुरणारं कारण कितीही सोपं वाटलं तरी ते अर्धंच. ‘पंप जुना झाला’ हे वाक्य तीन शब्दांचं, पण त्यात काय काय मानावं लागतं बघा: इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) झिजला, तो फक्त रात्री झिजतो, आणि बादलीभर पाणी ओतलं की संध्याकाळपर्यंत भरून येतो. छोटं वाक्य आणि साधं कारण यांत हा फरक आहे. तसंच साधं म्हणजे स्वस्त असंही नाही. कधीकधी सगळ्यांत साधं कारण हेच असतं की विहिरीची पातळी खाली गेली आहे, आणि त्याचा उपाय महाग असतो.

पाना हातात घेण्याआधी

पाच गोष्टी कागदावर लिहा. पंप बंद केल्यावर पुढची दोन-तीन मिनिटं विहिरीत पाणी पडल्याचा आवाज येतो का? पंप चालू असताना टाकीच्या तोंडाशी पाणी सलग पडतं की खोकत, बुडबुड्यांसकट? पंप बंद असताना सक्शनच्या, म्हणजे विहिरीतून पंपापर्यंतच्या पाइपच्या, जोडांवर ओल दिसते का? टाकीची पातळी रात्रीत उतरते का, आणि उतरली तर कुठे येऊन थांबते? शेवटचं आणि सर्वांत कामाचं: हे कधीपासून सुरू झालं, आणि त्या सुमाराला काय बदललं?

शेवटच्या प्रश्नाची ताकद थ्री-फेजवाल्यांना लगेच कळते. वादळात तार तुटली, दोन दिवसांनी जोडली, आणि त्या दिवसापासून आंब्याच्या बागेतला ५ एचपीचा पंप फिरतो पण पाणी निम्मंही देत नाही. इम्पेलर, वेअर रिंग, बेअरिंग यांच्यामागे लागायचं कारण नाही. जोडताना दोन फेज उलटले आणि मोटर उलटी फिरू लागली. उलटा फिरणारा सेंट्रिफ्युगल पंप थोडं पाणी देतो, म्हणूनच माणूस फसतो. केसिंगवर, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचावर, बाण असतो. मोटर बंद होताना पंखा कुठल्या दिशेने थांबतो ते बघा, आणि बाणाशी जुळत नसेल तर मेन बंद करून स्टार्टरच्या बाहेर जाणाऱ्या कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करून घ्या. शेजारच्या बागेतही त्याच दिवसापासून हीच तक्रार असेल तर काही तपासायचंही उरत नाही.

टाकी उतरते आणि पंपही सोडतो

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. दोन तक्रारी एकत्र येतात, म्हणून लोक दोन माणसं बोलावतात: टाकीसाठी गवंडी, पंपासाठी मेकॅनिक. गवंडी म्हणतो टाकीला केसासारखी चीर आहे, मेकॅनिक म्हणतो पंपाचा सील गेला. दोघांचंही म्हणणं शक्य आहे. पण एकाच आठवड्यात दोन स्वतंत्र गोष्टी बिघडल्या हे मानण्याआधी, दोन्ही घडवून आणणारी एकच गोष्ट आहे का ते बघा.

बहुतेक वेळा असते. फूट व्हॉल्व्ह (बरेच जण त्याला फुटबॉलच म्हणतात) नीट बसत नाही, आणि डिलिव्हरी पाइपचं, म्हणजे पंपाकडून टाकीकडे जाणाऱ्या पाइपचं, तोंड टाकीतल्या पाण्यात बुडालेलं आहे. पंप बंद झाला की टाकीतलं पाणी त्याच पाइपातून, पंपातून, सक्शनमधून परत विहिरीत उतरायला लागतं. सायफन लागतो. साधारण १०७ सेंमी व्यासाच्या हजार लिटरच्या उभ्या टाकीत ३० सेंमी पातळी म्हणजे २७० लिटर पाणी. रात्रीच्या ९ तासांत तेवढं जायला मिनिटाला अर्धा लिटर गळती पुरते. व्हॉल्व्हच्या वायसरखाली पोफळीच्या सालीचा एक तंतू अडकला तरी एवढं होतं. डिलिव्हरी टाकीच्या तळातून आत घेतली असेल तर सायफनचीही गरज नाही, टाकी सरळच रिकामी होते.

आता लक्षणांचा एक गमतीशीर नमुना बघा. टाकी काठोकाठ भरून ठेवली की सकाळी पंप लगेच धरतो, अर्धवट भरली की सकाळी सोडलेला असतो. पंप जुना, सील गेला, दाब कमी, यातलं एकही कारण याला पुरत नाही. सायफन पुरतो. टाकी भरलेली असताना रात्रभर पाणी खाली वाहत राहतं, म्हणजे पंपातही पाणी असतंच. पातळी पाइपच्या तोंडाखाली गेली की पाइपात हवा शिरते, सगळा स्तंभ खाली येतो आणि पंप कोरडा पडतो. रोज सकाळी पातळी एकाच रेषेवर थांबत असेल आणि ती रेषा पाइपच्या तोंडाची असेल, तर निदान झालंच म्हणायचं.

खात्री करायला एक रात्र लागते. संध्याकाळी टाकीच्या आत पातळीवर कोळशाने खूण करा, पंपाजवळचा डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, घरातला टाकीखालचा कॉकही बंद करा. सकाळी पाणी खुणेवरच असेल तर टाकी निर्दोष, गवंड्याला निरोप द्या. पाणी खुणेखाली गेलं असेल तर टाकीच गळते. पंप सुरू करण्याआधी गेट व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका, बंद व्हॉल्व्हवर पंप जास्त वेळ चालला की केसिंगमधलं पाणी तापून सील खराब होतो.

सायफन तोडण्याचा उपाय पाच मिनिटांचा आहे. पाइपचं तोंड कमाल पातळीच्या वर घ्या, किंवा टाकीच्या आतल्या उभ्या पाइपला कमाल पातळीच्या वर ४-५ मिमीचं भोक पाडा. पंप चालताना तिथून बारीक चिळकांडी उडेल, ती टाकीतच पडू द्या. पण लक्षात घ्या, याने टाकी वाचेल, सकाळचं पाणी भरणं सुटणार नाही. उलट पंप आता रोजच सोडेल, कारण मूळ दोष खाली विहिरीत आहे.

फूट व्हॉल्व्हची तपासणी, वर न काढता

पंप बंद, मेन बंद. प्लग काढून केसिंग काठोकाठ भरा आणि १५ मिनिटं नजर ठेवा. पातळी हलली नाही तर व्हॉल्व्ह धरतोय. हळूहळू उतरली आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर पाणी खाली विहिरीतच जातंय, म्हणजे व्हॉल्व्ह.

किती पाणी ओतावं लागतं हेही मोजा. आतला व्यास ३२ मिमी असेल तर पाइपात मीटरला ०.८ लिटर मावतं. ६ मीटरचं सक्शन म्हणजे ५ लिटर, केसिंगचे एक-दोन वेगळे. सात-आठ लिटरमध्ये पाणी काठाला यायला हवं. दोन बादल्या ओतूनही पाणी वर दिसत नसेल तर व्हॉल्व्ह गळत नाही, सताड उघडा आहे. झडपेत काटकी अडकली असेल, किंवा झडपच तुटून पडली असेल.

उघडा असेल तर वर काढण्याआधी एक प्रयोग करून बघा. व्हॉल्व्हला दोरी बांधलेली असेल तर पाइपाला हलके झटके देत वरून बादलीभर पाणी जोरात ओता. अडकलेला पाला कित्येकदा निघून जातो. गेला आणि पंप धरला तर उत्तम, पण वहीत तारीख लिहा. हीच गोष्ट पंधरा दिवसांत पुन्हा झाली तर पाला येतो कुठून हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर झटक्यांत नाही.

वर काढायचा झाला तर दोन माणसं लागतात, कारण पाण्याने भरलेला पाइप वाटतो त्यापेक्षा जड असतो. विहिरीत उतरण्याची वेळ आणू नका. उतरावंच लागलं तर एकट्याने नको, आणि विहिरीच्या आत पेट्रोल किंवा डिझेलचं इंजिन चालू ठेवून तर कधीच नको. त्याचा धूर तळाशी साठून माणसं गुदमरून गेली आहेत.

व्हॉल्व्ह हातात आला की त्यावर पाइपाचा तुकडा बसवून उभा धरा आणि वरून पाणी भरा. थेंब कुठून पडतात ते दिसेल. वायसर चामड्याचा असेल तर दर उन्हाळ्यात उघडा पडून कडक होतो, रबराचा असेल तर कडेला चर पडते. बैठकीवर बोट फिरवून बघा, वाळूचा कण रुतून खड्डा पडला असेल तर नवा वायसरही गळेल. किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्याच्या विहिरीत बिडाचा व्हॉल्व्ह पापुद्रे धरतो, तिथे पितळी किंवा चांगल्या प्रतीचा पीव्हीसीचा घ्या. बसवताना तळापासून फूट-दीड फूट वर आणि उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पातळीच्याही दीड-दोन फूट खाली राहील असा बसवा. दोन्ही जमत नसेल तर विहिरीचा गाळ काढायची वेळ झाली आहे.

दुखणं परत येतं ते बहुधा याच जागी. वायसर बदलला, महिनाभर चाललं, पुन्हा गळू लागलं. अशा वेळी ‘वायसर निकृष्ट मिळाला’ हे कारण सोपं वाटतं, पण ते बिघाडाचा काळ सांगू शकत नाही. विहीर तळापर्यंत उपसली की दुसऱ्या दिवशी बिघडतं? मग गाळ. वारं सुटलं की बिघडतं? मग पाला, तोंडावर जाळी टाका. दर मे महिन्यातच? मग चामडं कोरडं पडतंय.

एक सूचना एनआरव्हीबद्दल. पंपाच्या डोक्यावर डिलिव्हरीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या, म्हणजे प्रश्न मिटेल, असा सल्ला मिळतो. टाकीतलं पाणी परत जायचं थांबतं हे खरं. पण वरून बंद झालेला पाण्याचा स्तंभ काही काळ गळका फूट व्हॉल्व्हही धरून ठेवतो, वरचं तोंड बोटाने दाबलेल्या नळीसारखा. म्हणून दोष मिटल्यासारखा वाटतो, आणि ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट केसिंगबाहेर येतो तिथल्या सीलमधून, थोडी हवा शिरली की एखाद्या सकाळी अचानक उपटतो. आता तो रोजचा नसून अधूनमधूनचा झाला, आणि अधूनमधून येणारा दोष शोधणं दसपट कठीण. आधी खालचा व्हॉल्व्ह दुरुस्त करा, एनआरव्ही मग.

व्हॉल्व्ह धरतोय, तरी पाणी खोकतं

आता सक्शनमधली हवा. इथे लोकांचा एक गैरसमज असतो: जोडातून हवा शिरली म्हणून रात्रीत पाणी उतरलं. फूट व्हॉल्व्ह पक्का असेल तर नुसत्या हवेने स्तंभ खाली जाऊ शकत नाही, खालची वाट बंद आहे. पाणी गेलंच तर ते जोडातून बाहेर गेलेलं असतं.

यातच शोधायची युक्ती आहे. पंप चालू असताना सक्शनमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो, म्हणून फट हवा आत ओढते आणि बाहेर काहीच दिसत नाही. पंप बंद झाला, फूट व्हॉल्व्हने धरलं आणि डिलिव्हरीत एनआरव्ही नसला, की टाकीपर्यंतच्या पाण्याचा सगळा भार त्याच सक्शनवर येतो. चालू असताना हवा घेणारी फट बंद असताना थेंब टाकते. म्हणून पंप बंद करून दहा मिनिटांनी प्रत्येक जोडावर, युनियनवर आणि ग्लँडवर कोरडं वर्तमानपत्र दाबून बघा. ओला डाग उमटला ती जागा. चालू पंपावर शोधायचं असेल तर एकेका जोडाला साबणाचा घट्ट फेस किंवा ग्रीस लावा. ज्या जोडाला लावल्यावर बुडबुडे थांबले तो दोषी. एका वेळी एकच जोड घ्या. सगळ्यांना एकदम ग्रीस फासलं तर पाणी सुरू होईल, पण कशामुळे ते कळणार नाही, आणि ग्रीस धुऊन गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

ग्लँड दोरी असलेल्या पंपात चालताना मिनिटाला थोडे थेंब पडणं योग्य आहे. अजिबात पडत नाहीत म्हणून खूश होऊ नका आणि ते थांबावेत म्हणून नट आवळतही जाऊ नका. दोरी कोरडी पडते आणि शाफ्टला चर पाडते.

कठड्याच्या विहिरींवर आणखी एक घोटाळा हमखास असतो. सक्शन पाइप विहिरीतून वर येतो, कठड्यावरून वळतो आणि खाली जमिनीवरच्या पंपाला जोडलेला असतो. त्या वळणात हवा साठते आणि केसिंगच्या प्लगमधून भरलेलं पाणी तिथपर्यंत पोचतच नाही. पाइप व्हॉल्व्हपासून पंपापर्यंत सतत चढता हवा. जांभ्याच्या कठड्याला पाइपाएवढं भोक पाडा किंवा पंप उंच ओट्यावर घ्या. रिड्यूसर (जाड पाइपाला बारीक तोंड जोडणारा तुकडा) वापरला असेल तर त्याची सपाट बाजू वर ठेवा, नाहीतर तिथेही हवेचा कप्पा राहतो.

मार्चपर्यंत ठीक, एप्रिलपासून रडगाणं

पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३ मीटर उंच पाण्याला तोलतो. पाण्याची वाफ, पाइपातलं घर्षण, व्हॉल्व्हचा अडथळा वजा जाता कामाला ६ ते ७ मीटरच उरतात. किनाऱ्यावर निदान हा दाब पुरा मिळतो, घाटमाथ्यावर त्यातूनही कापला जातो.

विहिरीची खोली इथे विचारातच घेऊ नका. पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं उभं अंतर दोरीला दगड बांधून मोजा, एकदा पंप सुरू करण्याआधी आणि एकदा तो सोडतो त्या क्षणी. सुरुवातीला ५ मीटर आणि सोडताना साडेसात असेल तर झालं. पंप वीस मिनिटं चालून सोडतो, तासाभराने पुन्हा धरतो, हा नमुना फूट व्हॉल्व्हचा नव्हे, पाण्याच्या आवकेचा आहे. पंप आत माचीवर खाली घ्यावा लागेल, किंवा विहिरीच्या पाण्यात बुडून चालणारा ओपनवेल सबमर्सिबल पंप बसवावा लागेल. माचीवरचा साधा पंप मृगाआधी वर काढायचा हेही ठरवून ठेवा, जांभ्यातल्या विहिरी पावसात भराभर चढतात. तोपर्यंत डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह थोडा आवळून प्रवाह कमी करा, आवक आणि उपसा जुळला की पंप सोडत नाही.

प्रवाह बारा महिने कमीच, बुडबुडे नाहीत, सकाळी पाणी भरावं लागत नाही, आणि वायरीभोवती लावून करंट मोजणाऱ्या क्लँप मीटरवर करंट नेमप्लेटपेक्षा बराच कमी? मग बहुधा फूट व्हॉल्व्हची जाळी शेवाळाने बुजली आहे. सेंट्रिफ्युगल पंप पाणी कमी देतो तेव्हा करंटही कमी घेतो, हे ध्यानात ठेवलं की निम्मे वाद मिटतात. कमी करंट म्हणजे पाण्याच्या वाटेत शोधा. जास्त करंट म्हणजे मोटरकडे बघा.

पावसाळा सरला, मोटर नुसती गुणगुणते

चार महिने बंद असलेली मोटर ऑक्टोबरात सुरू केली की घुं घुं करते आणि फिरत नाही. पाच-दहा सेकंदांत बंद करा, त्याहून जास्त ठेवली तर वायंडिंग जळण्याचं निदान तुम्हीच खरं करून द्याल. मेन बंद करून मागच्या पंख्याच्या बाजूने शाफ्ट हाताने फिरवून बघा. अडला असेल तर इम्पेलर गंजाने धरलाय. पुढे-मागे हलवत सोडवा, काम झालं. मोकळा फिरतो तरी गुणगुणते, तर कपॅसिटर, म्हणजे लोक म्हणतात तो कंडेन्सर. तो मीटरवर मोजा, लिहिलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी भरला तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच व्होल्टचा नवा बसवा. हात लावण्याआधी बल्बच्या दोन वायरी टेकवून त्यात साठलेली वीज उतरवून घ्या. अजिबातच आवाज नसेल तर स्टार्टर उघडा. मुंग्या, पाल, कुंभारमाशीची माती, खाऱ्या हवेने हिरवे पडलेले स्क्रू, असं काहीतरी तिथे बहुधा सापडतं. वायंडिंगचा नंबर या सगळ्यानंतर.

पहिल्या पावसात आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, पडत असेल तर मोटरच्या पेटीतल्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी सोडवा, टोकं वेगवेगळी टेप करा आणि आरसीसीबी चढवा. तरी पडतो? दोष वायरमध्ये, बहुधा माडाखालून नेलेल्या एखाद्या टेप लावलेल्या जोडात. पडत नाही? मग मोटर ओली आहे. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) एक मेगओहमच्या खाली असेल तर ती आधी वाळवा आणि पुन्हा मोजा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे. ओल्या विहिरीपाशी उघड्या पायांनी उभं राहणाऱ्याचा जीव तोच वाचवतो.

एकच कारण, असा हट्टही नको

लाघवाचा नियम कारण आधी कुठे शोधायचं एवढंच सांगतो. निसर्गाने एका वेळी एकच गोष्ट बिघडवावी असा काही करार नाही. मे महिन्यात पातळी खाली जाते, त्याच दिवसांत सगळ्या वाडीचे पंप एकदम चालू असतात आणि व्होल्टेजही उतरतं. दोन कारणं आहेत हे ओळखायची खूण अशी: एक दुरुस्ती केल्यावर सुधारणा मोजता येते, पण पुरी होत नाही. वायसर बदलल्यावर सकाळचं पाणी भरणं थांबलं, पण प्रवाह पूर्वीइतका नाही. तेव्हा पहिलं निदान चुकलं असं समजून ते उलटवू नका. ते आपल्या वाट्याच्या लक्षणाला पुरलं. उरलेल्या लक्षणासाठी यादी पुन्हा वरून सुरू करा.

व्होल्टेजच्या बाबतीत मोजमाप दोन ठिकाणी घ्या, घरातल्या मीटरपाशी आणि चालू पंपाच्या टर्मिनलवर. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, २३० ऐवजी १८० मिळाले तर जोर ६१ टक्क्यांवर येतो. घरात २२० आणि पंपाशी २१० असतील तर लाइनला दोष देऊ नका. दीड चौरस मिमीची तांब्याची वायर ६० मीटरवर नेली की जाण्या-येण्याचे १२० मीटर होतात, त्यांचा रोध सुमारे १.४५ ओहम, आणि ७ अँपिअरला १० व्होल्ट वायरीतच जातात. सुरू होताना करंट चार-पाच पट असतो, तेव्हा ४०-५० व्होल्ट. ४ चौरस मिमीची वायर टाकली की चालतानाची घट ४ व्होल्टच्या आसपास येते.

पंप खरोखरच झिजला आहे असं म्हणायला काय लागेल? सक्शन घट्ट, व्हॉल्व्ह पक्का, जाळी साफ, अंतर ६ मीटरच्या आत, टर्मिनलवर व्होल्टेज ठीक, मोटर सरळ दिशेने फिरते, आणि तरी २० लिटरची बादली भरायला गेल्या वर्षीपेक्षा स्पष्टपणे जास्त सेकंद लागतात. त्यासाठी गेल्या वर्षीचा आकडा हवा. दिवाळीनंतर आणि मार्च अखेरीस असं वर्षातून दोनदा, टाकीच्या तोंडाशी बादली धरून सेकंद मोजा, आणि त्याच दिवशीची पाण्याची खोली, व्होल्टेज आणि करंट स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने नको, मार्करने लिहा. खडू खाऱ्या दमट हवेत दोन पावसाळे टिकत नाही.